ग्रँड कॅन्यन उतरायच्या आधी जाम गेटवर करायचा हिशेब

इंदूरला रामबागेत मी बावीस वर्षं विद्यार्थ्यांचे डबे केले. रोज चाळीस डबे, साडेदहाला घराबाहेर. त्यामुळे कुठलंही काम हाती घेतलं की ते संपणार कधी, हे मी आधी बघते. ग्रँड कॅन्यनला या सवयीचा जेवढा उपयोग झाला तेवढा महागड्या बुटांचाही झाला नाही.

आमची मुलगी ॲरिझोनात फीनिक्सजवळ राहते. तिथून ग्रँड कॅन्यनच्या त्या अफाट दरीचा दक्षिण काठ मोटारीनं चारेक तासांवर. निम्मी रामबाग आणि निम्मं राजेंद्रनगर मुलांकडे अमेरिकेला जाऊन येतं, त्या कठड्याला टेकून फोटो काढतं आणि परततं. त्यात वावगं काही नाही. पण कठड्यापलीकडे खाली वळणं घेत जाणारी वाट बघून ज्यांचे पाय शिवशिवतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी तेव्हा सत्तावन्नची, हे एकसष्टचे. ह्यांना रक्तदाबाची गोळी, माझा डावा गुडघा कुरकुर्‍या. नदीपर्यंत आम्ही गेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. नदी गाठून यायची कृती हवी असेल तर ती माझ्याकडे नाही. धड वर परत यायची कृती आहे.

हा डोंगर उलटा आहे

आपल्या इंदूरजवळचा जानापावचा डोंगर चढताना दम लागला तर आपण काय करतो? दगडावर बसतो, पाणी पितो, आणि फारच झालं तर मागे फिरतो. मागे म्हणजे उतार. थकलेल्या माणसाला डोंगर स्वतःच घरी पाठवतो. कॅन्यनमध्ये सगळं याच्या उलट. सकाळची गार हवा, ताजे पाय, समोर तांबड्या-पिवळ्या थरांचा तो अफाट पसारा आणि वाट उताराची. अर्धा तास चाललात की वाटतं, हे तर काहीच नाही. परतायची वेळ होते तेव्हा पाय उतरलेले असतात, ऊन चढलेलं असतं, बाटली अर्धी झालेली असते, आणि चढ तिथून सुरू होतो.

त्यात खाली जावं तसं तापतं. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आणि तळातली कोलोरॅडो नदी ७३० मीटरच्या आसपास. कोरडी हवा दर १०० मीटर खाली गेली की साधारण एक अंशानं तापते, म्हणजे काठ आणि तळ यांत दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो. हे इंदूरकराला वेगळं समजवायला नको. आपण माळव्याच्या पठारावर ५५० मीटरवर बसून रात्रीच्या गार वार्‍याचं कौतुक करतो, आणि जाम घाट उतरून खाली निमाडात मंडलेश्वरला पोचलो की रुमाल काढून मान पुसतो. तेच तिथे तिप्पट समजा.

"आपण निमाडचं ऊन खाल्लेली माणसं, आम्हाला काय होतंय" असं ह्यांचं म्हणणं होतं. ह्यांचं बालपण खरगोनला गेलं. पण खरगोनला बेचाळीस अंशांत कोणी पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढत नाही. दार लावून, पंखा लावून आडवं होतं. शिवाय कॅन्यनची हवा इतकी कोरडी की घाम आला हे कळायच्या आत उडून जातो. शर्ट कोरडा म्हणजे घाम नाही, असं तिथे समजू नका. घाम येऊन गेला, इतकंच.

म्हणून पहिली तयारी म्हणजे तिकिटाची तारीख. आपल्याकडची मंडळी इथला उन्हाळा चुकवायला मे महिन्यात विमानात बसतात आणि नेमकी तिथल्या भट्टीत जाऊन उतरतात. मे ते सप्टेंबर कॅन्यनच्या आत उतरायचे महिने नव्हेत, निदान आपल्या वयाला तरी नाहीत. तळाशी उन्हाळ्यात सावलीतला पारा चाळीसच्या वर जातो. पार्कचे रेंजर सांगतात की उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार वाटेवर चालूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये वर विजा आणि घळीत अचानक येणारे लोंढे. डिसेंबर ते मार्च वरच्या टप्प्यात बर्फाचा कडक थर असतो, त्यावर बुटांना लोखंडी काटे बांधून चालावं लागतं. राहिला एप्रिलचा आणि ऑक्टोबरचा काळ. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. काठावर दिवसा अठराच्या आसपास, पहाटे दोन अंश, आणि तळाशी त्याच दिवशी एकोणतीस. पहाटे स्वेटर, अकराला सुती सदरा, असा तो दिवस.

जाम गेटवर काढायचा आकडा

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते. घरी असतानाच प्रत्येकानं स्वतःचा एक आकडा काढायचा: जेवढं अंतर मी एका तासात उतरतो, तेवढंच चढायला मला किती तास लागतात? सरसकट सांगतात की उतरण्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. ते बरोबर आहे, पण ती सगळ्यांसाठीची मोघम वाटी झाली. आपल्या घरची वाटी किती मोठी ते आपल्याला माहीत पाहिजे.

हा आकडा काढायला इंदूरसारखी जागा नाही, कारण आपण पठाराच्या काठाशी राहतो. महूवरून पुढे जाम गेट. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला तो दरवाजा विंध्याच्या अगदी धारेवर उभा आहे. गाडी वर लावायची आणि निमाडच्या बाजूनं घाट पायी उतरायचा. रविवारी जाऊ नका. भुट्टे खाणारे आणि मोटारसायकलवाले एवढे असतात की जीव मुठीत धरून चालावं लागतं. आम्ही मंगळवारी सकाळी सातच्या आधी गेलो. ५५ मिनिटं खाली, मग त्याच वाटेनं वर. वर यायला १ तास ४५ मिनिटं लागली. १०५ भागिले ५५, म्हणजे १.९. हा आमचा इंदुरी आकडा. दोघांनी जायचं असेल तर जो हळू चालतो त्याचा आकडा धरायचा. आमच्यात हळू कोण होतं ते लिहीत नाही, घरात शांतता हवी आहे.

पण पहिल्याच दिवशी जाम गेट गाठू नका. आम्ही त्याआधी दोन महिने तयारी केली. पहिला महिना सपाटीवर, आठवड्यातून चार दिवस, पाच किलोमीटर. नंतर जिने. आमच्या ओळखीतल्यांची चार मजली इमारत आहे, तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत साधारण बारा मीटर. कॅन्यनमधला आमचा पहिला टप्पा सुमारे ३४० मीटर खोलीचा होता, म्हणजे अठ्ठावीस फेर्‍या. एका दिवसात नाही केल्या. पाचापासून सुरुवात करून सहा आठवड्यांत वीसपर्यंत आलो. वॉचमन रोज विचारायचा, "आंटीजी, कुछ भूल गए क्या ऊपर?" मधूनमधून राळामंडळ. ती टेकडी समुद्रसपाटीपासून ७८० मीटरच्या आसपास, माथ्यावर होळकरांची शिकारगाह, वाट चांगली आणि झाडी भरपूर.

जिने उतरण्याकडे दुर्लक्ष करू नका. चढताना छाती बोलते, उतरताना मांड्या. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार आवरतो, आणि सवय नसेल तर दुसर्‍या-तिसर्‍या दिवशी असा धरतो की कमोडवर बसताना भिंतीचा आधार लागतो. लिफ्टनं वर जाऊन नुसते जिने उतरायचेही दोन-तीन दिवस करून बघा. लोक हसतील, हसू देत.

पाठीवरचं ओझं मी तुरीच्या डाळीनं भरलं. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या, पहिल्या आठवड्यात दोन, शेवटी दहा. पाच किलोपेक्षा जास्त आपल्याला तिथे लागत नाही. सॅकचा पट्टा कमरेवर घट्ट बसला पाहिजे, वजन खांद्यावर नको. नातवाचं जुनं दप्तर घेऊन निघू नका. मी तो उद्योग करून पाहिला, राळामंडळच्या पहिल्याच फेरीत खांद्याला वळ उठले.

पाणी आणि मीठ

ह्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं: ऊन म्हणजे पाणी, जितकं पाणी तितकं बरं. जाम गेटच्या फेरीला ह्यांनी वर येईपर्यंत एकट्यानं साडेतीन लिटर पाणी संपवलं. गाडीत बसल्यावर डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. मी ऊन लागलं म्हणून आणखी पाणी देणार होते. नशीब, आमच्या डॉक्टरांना आधी फोन लावला. ते म्हणाले, आधी सांगा, खाल्लं काय? काहीच नाही.

घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं उरलेलं मीठ पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याचीही लक्षणं आणि ऊन लागल्याचीही. कॅन्यनचे रेंजर यासाठीच पाण्याबरोबर खारट खायला सांगतात. गार हवेत चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पुरतं, उन्हात लिटरपर्यंत जातं. पण दर घोटाला सोबत काहीतरी खारट हवं. तहान लागल्यावर प्या, घड्याळ लावून ढोसू नका.

आता खारट म्हटल्यावर इंदूरकराला कोणी शिकवायचं? लवंगी शेव, खारे दाणे, तिखटमिठाच्या पुर्‍या. मी छोट्या पुड्या बांधल्या, दर पुडीत मूठभर शेव आणि मूठभर दाणे, आणि पुडीवर वेळ लिहिली: साडेसात, आठ, साडेआठ. भूक नसली तरी वेळ झाली की पुडी उघडायची. थकल्यावर भूक मरते आणि मग माणूस खात नाही, म्हणून हा बंदोबस्त. गोडाला खजूर आणि गूळपापडीच्या वड्या. जेवणाला दुधात भिजवलेल्या दशम्या आणि लसणीची कोरडी चटणी. दशमी दोन दिवस मऊ राहते, चुरा होत नाही, आणि गार खाल्ली तरी चांगली लागते. पोहे नेऊ नका. आपला जीव पोह्यांत असतो हे मला ठाऊक आहे, पण डब्यात कोंबलेले गार पोहे चढावर घशाखाली उतरत नाहीत. जीरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आपल्या मसाल्याची, पुडी मात्र घ्या. काठावरच्या उपाहारगृहातल्या बटाट्याच्या तळणीवर ते भुरभुरलं आणि ह्यांचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा फुलला.

ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, औषधाच्या दुकानातली, एका लिटरला एक. अर्ध्या लिटरात अख्खं पाकीट टाकायचं नाही. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. आणि रक्तदाबाची गोळी घेणार्‍यांनी मिठाचा आणि ओआरएसचा सल्ला माझ्याकडून घेऊ नये, आपल्या डॉक्टरांकडून घ्यावा. काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्या चालायच्या दिवशी कधी घ्यायच्या हे आम्ही विचारून, कागदावर लिहून घेतलं होतं.

वाटेत पाणी मिळेल का? याचं उत्तर वाटेवर अवलंबून. साउथ कायबाब नावाच्या वाटेवर थेंब मिळत नाही, सगळं पाठीवर. ब्राइट एंजल वाटेवर दीड मैलावर आणि तीन मैलांवर विसाव्याच्या छपर्‍या आहेत, तिथे नळ आहेत, पण हंगामी. थंडी सुरू झाली की बंद करतात. साडेचार मैलांवर हवासुपाई गार्डन्सला बारा महिने पाणी असतं, पण तेही वर कुठे पाइपलाइन फुटली नसेल तर. पलीकडच्या बाजूच्या झर्‍यापासून कॅन्यन ओलांडून येणारी ती जलवाहिनी १९६० च्या दशकात घालायला घेतलेली, जुनी झालेली, आणि वारंवार फुटणारी. हे ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. जलूदहून येणारी नर्मदेची लाइन फुटली की आपण काय करतो? आदल्या रात्री भांडी भरून ठेवतो. तेच करायचं. आदल्या संध्याकाळी पार्कच्या संकेतस्थळावर किंवा रेंजरच्या खिडकीत कुठला नळ सुरू आहे ते विचारायचं, आणि सुरू असला तरी नाही असं धरून भरून न्यायचं. आम्ही छोट्या वाटेला माणशी दोन लिटर नेलं आणि मोठीला तीन.

बाकीचं थोडक्यात

बूट अर्धा नंबर मोठे घ्या आणि इथेच महिनाभर घालून फिरा. उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं अगदी बारीक कापा. ह्यांनी कापली नाहीत. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून डिसेंबरात गळाली. मोजे जाड, सुती नकोत. सदरा मात्र ऑक्टोबरच्या उन्हात सुती चालतो, ओला करून घातला की तासभर गारवा देतो. मी मलमलीची ओढणी भिजवून मानेला गुंडाळली होती, ती टोपीपेक्षा कामाला आली. कडाक्याच्या थंडीत हाच ओला सुती कपडा जिवावर उठेल, तेव्हा महिना बघून ठरवा.

काठ्या दोन. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवायची, चढताना कमी करायची. गुडघ्याला खरंच फरक पडतो, मला पहिल्या वळणावर कळलं. विमानात त्या मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात अडवतात.

प्रवासाचा विमा काढताना हेलिकॉप्टरनं बाहेर काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते वाचा. मुलीनं तो कागद तीनदा वाचला. खाली फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे किती वाजता कुठून निघालो आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर काळजी करायची, हे वर कोणाला तरी लिहून द्या. घड्याळाचीही एक गंमत आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण शेजारचा नवाहो लोकांचा प्रदेश करतो. त्या बाजूनं फिरून आलात तर फोन तासभर इकडेतिकडे झाला नाही ना ते बघा, आणि हातात साधं घड्याळ घाला.

दिवसा जाऊन परत यायला परवाना लागत नाही. खाली मुक्काम करायचा तर लागतो, आणि त्याची सोडत काही महिने आधी निघते. नदीकाठी फँटम रँच म्हणून जुनी वस्ती आहे, मेरी कोल्टर या बाईंनी आराखडा केलेली, १९२२ मधली. तिथल्या खोल्यांची सोडत तर वर्षाहून आधी. मुक्काम नसेल तर एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा विचारही करू नका. पार्कवाले ठिकठिकाणी पाट्या लावून हेच सांगतात, आणि त्या पाट्यांवर ओकणार्‍या तरण्याबांड मुलाचं चित्र असतं, आपल्यासारख्या काका-काकूंचं नाही. अडचणीत येणारे बहुतेक असेच अंगात रग असलेले.

पोचलात त्याच दिवशी उतरू नका. २१०० मीटरवर नुसत्या जिन्यानं धाप लागते. एक दिवस काठावर, सपाट वाटेनं हिंडा.

प्रत्यक्षात

दुसर्‍या दिवशी साउथ कायबाबनं सीडर रिजपर्यंत, २.४ किलोमीटर खाली. ही वाट सुरू होते तिथे खासगी गाड्या नेऊ देत नाहीत, पहाटेची फुकट बस असते. तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, आदल्या दिवशी विचारून ठेवा. वाटेवर आडवे ओंडके टाकून पायर्‍या केल्या आहेत, आणि दोन ओंडक्यांमधली माती वाहून जाऊन खड्डे पडले आहेत. माझा गुडघा जिन्याला तयार होता, या दीड-दीड पायरीच्या उड्यांना नव्हता. तिथे काठी आधी टेकवायची, मग पाय. मधे खेचरांनी करून ठेवलेली डबकी. उडी मारू नका, बाजूनं जा.

खेचरांचा तांडा समोरून आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला, कड्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. गप्प, अजिबात हालचाल नाही, आणि हाकणारा सांगेल ते करायचं. शेवटचं खेचर चांगलं पंधरा मीटर पुढे गेल्यावरच निघायचं. माणसांमध्ये चढणार्‍याला आधी वाट द्यायची. हे मला फार आवडलं, कारण परतताना ती पाळी आपली असते.

सीडर रिजला खारी आहेत, दगडांतल्या, आपल्याकडच्या खारींपेक्षा बर्‍याच मोठ्या. चोरलच्या माकडांना केळी देणारा आपला हात तिथे आवरा. खायला घालणं गुन्हा आहे, दंड होतो, आणि त्या कडकडून चावतात. ह्यांनी सॅक उघडी ठेवून पाठ फिरवली तर एकीनं साडेनऊची पुडी पळवली. रतलामी शेव अमेरिकन खारीला झेपली का, देव जाणे.

उतरायला बरोबर तास लागला. चढायला २ तास १० मिनिटं. १३० भागिले ६०, म्हणजे २.२. जाम गेटला १.९ होते, इथे उंचीमुळे हवा विरळ, म्हणून वाढले. यासाठीच पहिल्या दिवशी छोटी वाट घ्यायची: तिथला आपला आकडा काढायला. एक दिवस विश्रांती घेतली, मांड्यांना तेल लावलं, आणि काठावरच्या बाकावर बसून मी दुसर्‍या वाटेचा हिशेब केला.

तो असा करतात. ब्राइट एंजलनं सकाळी सातला निघायचं, आणि दुपारी दीडला वर असायचं. साडेसहा तास. त्यातला अर्धा तास बसण्या-खाण्याचा काढा. उरले सहा. आता आकड्यात एक मिळवा, तो उतरण्याचा वाटा; २.२ चे ३.२ झाले. सहा तासांना ३.२ नं भागा: १.८७, म्हणजे १ तास ५२ मिनिटं. एवढंच उतरायचं. दोन मिनिटं मागे ओढून मी पुडीच्या कागदावर लिहिलं: "८.५०, परत." कुठे पोचलो याचा त्या कागदावर उल्लेखच नाही. फक्त वेळ. हेच महत्त्वाचं आहे, कारण जागा ठरवली की माणूस जागेसाठी भांडतो, वेळ ठरवली की घड्याळ भांडण मिटवतं. निदान मला तसं वाटलं होतं.

सातला निघालो, तेव्हा कड्याच्या सावलीत बोटं बधिर होत होती. वाटेतले दोन बोगदे ओलांडले. आठच्या सुमारास दीड मैलाची छपरी. नळ बंद, अंदाजाप्रमाणे. पुड्या उघडल्या. पुढची वळणं जास्त उघडी, ऊन अंगावर यायला लागलं, स्वेटर कमरेला. थर बदलत होते, पांढुरक्या खडकातून तांबड्यात आलो. काठावरचा सगळ्यात वरचा खडक २७ कोटी वर्षांचा आणि तळातला काळा १७० कोटींच्या पलीकडचा असं रेंजरनं सांगितलं होतं, आणि आमचा दख्खनचा काळा दगड त्यांच्यापुढे अगदीच तान्हा, साडेसहा कोटींचा.

आठ पन्नासला मी थांबले. खाली दोन-तीन वळणांवर तीन मैलांच्या छपरीचं छप्पर दिसत होतं. स्वच्छ. माणसंही दिसत होती, बसलेली, बूट काढून.

"ती बघ," हे म्हणाले. "दहा मिनिटं."

मी कागद दाखवला.

"अगं, दिसतंय की!"

अशा वेळी काय करायचं याची तयारी घरी करून ठेवा. आम्ही केली नव्हती. पाचेक मिनिटं हुज्जत झाली, तीही उन्हात उभ्यानं. कॅन्यनमध्ये हेच फसवं आहे, पुढचा टप्पा कायम दिसत असतो, कारण तो खाली असतो. डोंगरावर माथा दिसत नाही म्हणून माणूस वैतागून परततो. इथे प्रत्येक वळणावर खालची जागा बोलावत असते. शेवटी मी पाठ वळवली आणि चढायला लागले. हे दोन मिनिटांनी मागून आले, न बोलता.

चढताना वेग असा ठेवायचा की वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे. आमचं बोलणं बंद होतं, म्हणून मी मनातल्या मनात पाढे म्हटले. दर तासाला दहा मिनिटं बसायचं, सावलीत, पाय वर टेकवून. दीड मैलाच्या छपरीशी ह्यांचं डोकं जरा जड झालं, पुडी आणि ओआरएस दिल्यावर उतरलं. शेवटचा अर्धा मैल सगळ्यात लांब. काठावरच्या लोकांचे आवाज ऐकू येतात आणि काठ येत नाही. तिथे वाटेच्या कडेला एक तरुण जोडपं बसलं होतं, पाण्याची एकच बाटली, तीही रिकामी. त्यांना उरलेलं पाणी आणि शेवेच्या दोन पुड्या दिल्या.

वर आलो तेव्हा सव्वा वाजला होता.

घरी पाहुणे आले आणि फोटो निघाले की हे अजून सांगतात, "तीन मैलांची छपरी फक्त दहा मिनिटांवर होती, हिनं जाऊ दिलं नाही."

"खाली दहा, वर बावीस," मी स्वयंपाकघरातून म्हणते, आणि चहात साखर किती ते विचारते.